कडब्याच्या छपरातला सिनेमा

सुगी संपून रानं मोकळी झाली की अणदूरला सिनेमाचा तंबू लागायचा. आमचं गाव तिथून कोसभर. दिवस मावळायला माणसं गाड्या जुंपून, नाहीतर पायीच, तिकडे निघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन सिनेमा सांगायची. आमच्याच ओट्यावर, कारण तिथे माझी थोरली बहीण शिलाईचं हातमशीन घेऊन बसलेली असायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. अक्काला सांगितल्याशिवाय पाहिलेला सिनेमा पुरा झाला असं कुणाला वाटत नसे.

सांगणारा रंगात यायचा. ओट्यावरून उडी मारून घोडा दाखवायचा, आईच्या लाटण्याची तलवार करायचा. अक्का मशीनचं चाक फिरवत ऐकत राहायची आणि मधेच हात थांबवायची.

"घोडा पळाला म्हणालास न्हवं? पडद्यावर तर चित्र असतंय. मग चित्र पळतंय कसं?"

"पळतंय म्हंजे पळतंय की अक्का."

"आरं, पण कसं?"

"लाईटीवर."

"लाईट पळती का घोडा पळतोय?"

सांगणारा डोकं खाजवायचा. "तू गोष्ट ऐक की. पुढं लई मजा हाय."

"गोष्ट काय, कीर्तनातबी ऐकती मी. हलतंय कसं ते सांग."

ते कुणालाच सांगता येत नसे. वर्षानुवर्षं माणसं तंबूत जाऊन येत होती, पण हलतं कसं हे बघून आलेला एकही माणूस अक्काला भेटला नव्हता.

ती स्वतः गेली नव्हती. लहानपणी तापात तिचा उजवा पाय वाळला. घरात, परसात ती काठी टेकत फिरायची. काठी पुढे, मग चांगला पाय, मग थोडं थांबून दुसरा पाय ओढून घ्यायचा. गावाबाहेर मात्र तिला कुणी पाहिलं नव्हतं. शेजारचे चाचा पत्र्याच्या चिमण्या, डबे, नरसाळी करायचे. त्यांनी कितीदा तरी म्हटलं होतं, "बेटी, बैलगाडी है, तेरा बाप है, मैं हूँ. ले जाते तेरेकू."

"आन् गाडीतनं तंबूत? उचलून? मी काय पालखीतला देव हाय व्हय, चाचा? लोक सिनेमा सोडून मलाच बघत बसतील. मला बघायचाय तर सिनेमानंच इथं यावं."

हे ती हसत म्हणायची, पण तिच्या डोळ्यांत काय असायचं ते घरातल्यांना माहीत होतं. गोष्टींची तिला हौस नव्हती. चित्र हलताना एकदा तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही उन्हाळ्याची सुट्टी. मी औरंगाबादेला इंटर सायन्सला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकची पायरी चढलं नव्हतं. मला बाराखडी शिकवली अक्कानेच. आजार येण्यापूर्वी जेवढी शाळा तिच्या वाट्याला आली होती, तेवढी सगळी तिने ओट्यावरच्या फरशीवर खडूने माझ्या स्वाधीन केली. कॉलेजात घातलेला पहिला शर्टही तिच्याच मशीनवरचा. त्यामुळे तिचा प्रश्न माझ्यापर्यंत आला तेव्हा मला आनंदच झाला. एवढं तर मी तिला देऊच शकेन, असं वाटलं.

मी पुस्तकात वाचलं होतं ते सांगितलं. डोळ्यासमोरचं चित्र गेलं तरी क्षणभर ते डोळ्यात टिकून राहतं. तेवढ्यात दुसरं येतं, मग तिसरं. प्रत्येकात थोडा थोडा फरक. म्हणून हलल्यासारखं दिसतं.

अक्काने दोरा दातांनी तोडला. "म्हंजे पहिलं चित्र डोळ्यात असतानाच दुसरं येतंय."

"हो."

"मग दोन्ही मिसळून खिचडी का होत न्हाय?"

पुस्तकाने तेवढंच सांगितलं होतं.

"बरं, सांगता येत न्हाय तर दाखव," ती म्हणाली. "कालेजात जाऊन आलास न्हवं? आन तुझा सिनेमा हितं."

परसात, आमच्या हद्दीच्या मावळतीकडच्या टोकाला कडब्याचं छप्पर होतं. तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वर उसाचं पाचट. उन्हाळा निम्मा सरल्यामुळे कडबा बराचसा बैलांच्या पोटात गेला होता. मी वडिलांना विचारलं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा कमी बोलायचे. त्यांनी उरलेला कडबा बाहेर काढून गंजी लावली, आणि मग मला विचारलं, "किती अंधार पायजे?"

"पूर्ण."

"पूर्ण अंधार लई अवघड," ते म्हणाले. का ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्ही माती कालवली, तूस घातलं, कुडाला आतून-बाहेरून लिंपण केलं. पाचटावर आणखी पाचट चढवलं. दारावर दुहेरी घोंगडी सोडली. बाहेरून पाहिलं तर मुंगीला शिरायला वाट नव्हती. अक्का आत जाऊन खाटेवर बसली आणि आतून ओरडली, "आरं, हितं तर चांदणं पडलंय!"

खरंच, आत शिरून डोळे सरावले की भिंतभर ठिपके चमकत होते. मग सुरू झालं भोकं बुजवणं. अक्का आत, मी आणि दादा बाहेर हातात चिखलाचे गोळे घेऊन.

"वर! आणखी वर. डावीकडं."

"तुझं डावं का माझं डावं?"

"जिकडं म्हैस बांधलीय तिकडं! व्हय, तिथंच. विझलं. आता कोपऱ्यात दोन हायती, जोडीनं."

"हे?"

"ते न्हाय. ते विझवलंस तर शेजारी नवं उगवलं बघ."

चाचा कुंपणापलीकडून हसत होते. "क्या रे बावा, आसमान बुझा रे क्या तुम लोगां?" थोड्या वेळाने तेही चिखलात हात घालून आमच्यात आले. दुपार त्यातच गेली. शेवटचा ठिपका विझला तेव्हा आतून आवाज आला, "आता माझा हात मलाच दिसंना." तिचा एवढा खुश झालेला आवाज मी फार दिवसांनी ऐकत होतो.

पडद्यासाठी आतली मावळतीकडची भिंत घोटून घोटून गुळगुळीत केली आणि तिला चुना दिला. समोरच्या भिंतीला, म्हणजे परसाकडे तोंड असलेल्या कुडाला, अंगठ्याएवढं भोक पाडलं. चाचांनी डब्याच्या पत्र्याची नळी वळून दिली. नळीच्या एका तोंडाला औरंगाबादेहून आणलेलं भिंग बसवलं. दिवा सूर्याचा. परसात खाटेवर आरसा उभा करायचा आणि उतरत्या दुपारचं ऊन नळीत सोडायचं. फिल्मचे तुकडे गावात होतेच. तंबूच्या मागे तुटलेले तुकडे पडायचे, ते पोरं गोळा करून आणायची, त्यातली एक हातभर लांबीची पट्टी मी मिळवली.

पहिल्या दिवशी मी ती नळीसमोर धरली आणि आरसा दादांनी. भिंतीवर ताटाएवढा उजेड पडला आणि त्यात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात तांब्या. उलटी आली होती, म्हणून पट्टी फिरवून सुलटी केली. आई, चाची, अक्का तिघी एकदम "अगं बया" म्हणाल्या. चाची गोषात असायच्या, तंबूत त्याही कधी गेल्या नव्हत्या.

"आता हलव," अक्का म्हणाली.

मी पट्टी खाली ओढली. बाई पुसली गेली. तिच्या जागी करड्या रंगाचे पट्टे वाहू लागले. जोरात ओढली तर ते आणखी पातळ झाले.

"हे तर ताक झालं," अक्का म्हणाली.

हळू ओढली, तर बाई वरच्या बाजूला सरकून गेली आणि खालून तीच बाई परत आली, जशीच्या तशी. चार दिवस आम्ही नाना तऱ्हा केल्या. दादा आरसा धरून धरून घामाघूम व्हायचे आणि एका शब्दाने कुरकुर करायचे नाहीत. एकदा पट्टी भिंगाजवळ जरा जास्त वेळ राहिली, तर बाईच्या तांब्यावर फोड आला आणि वास सुटला. चित्र दिसायचं तर ते हलायचं नाही, आणि हलवलं तर दिसायचं नाही. अक्काचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला, फक्त आता तो आमच्या भिंतीवर लिहिल्यासारखा समोर दिसत होता.

पाचव्या दिवशी अमावास्या. मी सकाळी रानात जाऊन आलो, छपराची घोंगडी उचलली आणि पाहतच राहिलो. आत हिरव्या ओल्या शेणाचा वास भरला होता. आमची पांढरी भिंत वरपासून खालपर्यंत सारवलेली होती. सुरेख, एकसारखी, बोटांच्या कमानी उठवून. मधोमध हळदीच्या हाताचे पाच छापे.

"आई, हे काय केलंस?"

आई चुलीपुढून उठून आली. "काय केलं म्हंजे? नवं घर हाय, चार दिस झालं बायामाणसं जाऊन बसायलीत, आन् भितीला शेणाचा हात न्हाय. अवस आली. बिनसारवल्या घरात काय चांगलं व्हईल? म्हणूनच तुमचं ते चित्र हलंना."

"अगं, चित्र पांढऱ्या भिंतीवरच उमटतं," मी म्हणालो. अक्का ओट्यावर मशीनवर डोकं ठेवून हसत होती. आईला कळलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला. "आगं बाई, पांढरंच पायजे व्हतं व्हय? मला वाटलं गडबडीत सारवायचं राहून गेलंय." मग मात्र तीच सगळ्यांत आधी खरवडायला लागली. हळदीचे छापे तेवढे तिने खरवडू दिले नाहीत. त्यांच्यावरून हलक्या हाताने चुना फिरवला, तरी ते पिवळसर दिसत राहिले.

चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मी नळी काढून घरात ठेवली होती. कुडाला अंगठ्याएवढं नुसतं भोक राहिलं. भिंत वाळेपर्यंत कोंबड्या आत शिरून तिला अंग घासू नयेत म्हणून कुणीतरी आत बसायला हवं होतं. अक्का म्हणाली, "मी बसते. मला कुठं जायचंय?" दारावर घोंगडी सोडली आणि ती आत एकटी बसली.

दुपार कलली होती. ऊन छपराच्या पाठीमागून आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर आणि परसावर पडलं होतं. आईने खाटेवर पांढऱ्या कुरडया वाळत घातल्या होत्या. राखण करता करता ती लिंबाच्या सावलीत टेकली आणि तिचा डोळा लागला. मी मागच्या दारात होतो. छपरातून एकदम अक्काची हाक आली.

"आई! कावळा! कावळा कुरडई घेऊन चाललाय बघ!"

आई दचकून उठली. खरंच, कावळा चोचीत कुरडई घेऊन खाटेच्या कडेवरून उडत होता. आईने खडा मारला, शिव्या घातल्या आणि मग तिचा हात तसाच वर राहिला. तिने छपराकडे पाहिलं. घोंगडी खाली सोडलेली. आत गुडूप अंधार.

"आगं, तुला कसं कळलं?"

आतून हळूच आवाज आला, "तुमी समदी आत या. घोंगडी लगेच सोडा."

आम्ही आत गेलो. मला काहीच दिसेना. "थांब, दम धर. डोळं सरावू दे," अक्का म्हणाली. हळूहळू समोरची ओली भिंत उजळल्यासारखी झाली आणि तिच्यावर आमचं परस उगवलं. उलटं. वर जमीन, खाली आभाळ. लिंबाचं झाड डोक्यावर उभं, आणि त्याची पानं सळसळत होती. रंगाची, हिरवीच्या हिरवी. खाट छताला टांगल्यासारखी, तिच्यावर कुरडयांचे पांढरे ठिपके. कडेला आमची म्हैस पाय वर करून शेपटी हलवत होती. कुठून तरी चाचा आले, परसात उभे राहून आम्हाला शोधू लागले. डोकं खाली, पाय वर.

"हलतंय," आई कुजबुजली. "आगं, हे हलतंय."

ते सगळं आईच्या त्या पिवळसर हळदीच्या छाप्यांवरून सरकत होतं.

मी पुस्तकात सुईच्या भोकातून येणाऱ्या उलट्या चित्राची आकृती काढली होती, मेणबत्ती आणि बाण घालून. परीक्षेत तिला गुणही मिळाले होते. पण ती आकृती म्हणजे आमची म्हैस असू शकते हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. अक्का अंधारात तासभर एकटी बसली, तिचे डोळे सरावले, म्हणून ते दिसलं. आम्ही चार दिवस आत-बाहेर पळत होतो आणि त्या भोकात नळी बसवून तेच बुजवत होतो.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरी जत्रा होती. दुपार कलली की गल्लीतल्या बाया, पोरं येऊन बसायची. चाचांनी पत्र्याचे तुकडे कापून त्यांना वेगवेगळी भोकं पाडली. लहान भोक लावलं की चित्र रेखीव आणि अंधुक, मोठं लावलं की उजळ पण पसरट. मधलं कुठलं चांगलं यावर वाद व्हायचे. बाहेर उन्हात कामाला कोण जाणार यावरही. कुणी लेझीम खेळायचं, कुणी भांडण करायचं. हसण्याचा आवाज बाहेर पोचला की खेळणाऱ्याला आणखी चेव यायचा.

"दादा, तुमीबी काय तरी करा की," कुणीतरी म्हणालं. दादा परसाच्या मधोमध जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी पटका सोडला, झटकला आणि परत बांधला. भिंतीवर तो पटका खालून उसळलेल्या धारेसारखा वर चढला. चाची म्हणाल्या, "या अल्ला, क्या अच्छा दिखरा." दादा आत येऊन विचारू लागले, "दिसलो का?" त्यांना इतकं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

एक दिवस अक्का काठी घेऊन उठली. "तुमी बसा. मी जाते बाहेर."

घोंगडी उघडली, मिटली. थोड्या वेळाने ती भिंतीवर आली. काठी, एक पाय, थांबली. दुसरा पाय. लिंबापासून खाटेपर्यंत. तिथे ती वळली आणि आमच्याकडे, म्हणजे भोकाकडे बघून हात हलवला. परत निघाली. मी आईकडे पाहिलं नाही.

आत आल्याबरोबर तिने विचारलं, "कसं दिसतंय माझं चालणं? खरं सांगा."

आईने तोंड फिरवलं. चाचीच बोलल्या, "बेटी, यहाँ सब छतपर चल रे छिपकली के सरीके. तेरे पाँवकू कौन देखरा? मैं तो तेरी नई चोली देखरी थी. बाह्या लई चांगल्या बसल्यात."

अक्काला हसू आलं. पण ती त्यानंतर कितीतरी वेळ विचारात होती. संध्याकाळी ओट्यावर मी म्हटलं, "अक्का, झालं की नाही तुझ्या मनासारखं? आला ना सिनेमा घरी?"

"आला की. लई चांगला आला." तिने दिव्याची वात सारखी केली. "पण हे खरं हाय रे. म्हैस शेपटी हलवती म्हणून भितीवर हलती. त्यात नवल न्हाय. त्या पट्टीतली बाई तर मेलेली हाय. ती कशी हलती? ते र्‍हायलंच."

मला वाटलं, हा प्रश्न आता मी औरंगाबादेला घेऊन जाणार आणि कुणा प्राध्यापकाला विचारणार. तेवढ्यात ती म्हणाली, "दादांना सांग, उद्या गाडी जुंपा."

"कुठे?"

"अणदूरला."

"अगं, पण लोक..."

"एवढं दिस आत बसलो आपण. तू कुणाकडं बघितलंस? शेजारी कोण बसलंय, कसं बसलंय, बघितलंस का? समद्यांचं तोंड भितीकडं. तंबूतबी अंधारच असंल की. मला उगंच वाटायचं मलाच बघतील. मला बघायला तिथं येळ कुणाला हाय?"

दादांनी दुसऱ्या दिवशी बैलांना घुंगुरमाळा घातल्या, लग्नाला निघाल्यासारख्या. चाचीही बुरखा घालून आल्या. मुद्दाम लवकर निघालो, दिवस वर असतानाच तंबूशी पोचलो. गाडीतून उतरल्यावर दादा तिला धरायला पुढे झाले, तिने मानेनेच नको म्हटलं. चहाच्या पालापाशी बसलेल्या दोघा-चौघांनी वळून पाहिलं. ती चालत राहिली. काठी, पाय, थांबून पाय. आणि ती पडद्याकडे गेली नाही. पाठीमागे फळ्यांच्या मचाणावर मशीन होतं, सरळ त्याच्याकडे गेली.

मशीन चालवणारा हडकुळा माणूस गळ्यात रुमाल टाकून चाकांना तेल देत होता. त्याने वाकून पाहिलं. "बायांची जागा तिकडं हाय, ताई."

"म्हाईत हाय. मला एक विचारायचंय. चित्र हलतंय कसं?"

त्याने तेलाची कुपी खाली ठेवली. मग म्हणाला, "बारा गावं फिरलो. लोक विचारतात आज कुठला हाय, गाणी किती, हाणामारी हाय का. हे कुणी विचारलं न्हाय." त्याने हात पुढे केला. ती त्याच्या हाताला धरून मचाणाची पायरी चढली. मी मागोमाग.

त्याने फिल्म चढवली आणि बोटांनी एक मूठ हळूहळू फिरवून दाखवली. वरची फिरकी सारखी फिरत होती, खालचीही. पण मधे, जिथे उजेडाची खिडकी होती, तिथे फिल्म सरकत नव्हती. एक चित्र खिडकीत येऊन उभं राहिलं. मग समोरून पंख्याच्या पात्यासारखी एक पाटी आली, खिडकी झाकली गेली. तेवढ्यात आत टक् असा आवाज झाला. पाटी बाजूला झाली, तर खिडकीत दुसरं चित्र उभं. तेही तसंच स्थिर.

"परत," अक्का म्हणाली.

त्याने परत फिरवलं. पाटी, टक्, चित्र. पाटी, टक्, चित्र.

तिचा चेहरा त्या खिडकीवर झुकला होता. "आरं, हे थांबतंय," ती मला म्हणाली. "बघ की! दिसतंय तवा थांबलेलं असतंय. सरकतंय तवा अंधार असतोय. हलताना तर ते कधी दिसतच न्हाय!"

"म्हणून खिचडी होत नाही," मी म्हणालो. मलाही ते त्याच क्षणी कळत होतं.

"आन् तू नुसता ओढत व्हतास." मग ती एकदम हसली. "माझ्या मशीनवानी की रं. सुई कापडात असली की कापड उभं, सुई वर गेली की सरकतंय. जलमभर चाक फिरवलं आन् ओट्यावर येईल त्याला विचारत बसले."

अंधार पडला, इंजिन धडधडू लागलं, सिनेमा सुरू झाला. आम्ही मागच्या रांगेत बसलो. सगळ्या तंबूची तोंडं पडद्याकडे होती. अक्का थोडा वेळ पुढे बघायची आणि मग मान वळवून मागे, त्या उजेडाच्या झोताकडे. डोक्यांवरून जाणारा तो झोत धुरात, धुळीत थरथरत होता. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी बघत होतो तेवढाच.

पुढे मी पदवीधर झालो, शाळेत विज्ञान शिकवलं. हा धडा आला की पुस्तक मिटून मी मुलांना आधी विचारायचो, सिनेमातलं चित्र हलतं का? सगळी "हो" म्हणायची. मग आमचा तास सुरू व्हायचा. कडब्याचं छप्पर पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा कडब्याने भरलं. ते भोक मात्र दादांनी बुजवलं नाही.

पण सिनेमाच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळीच सगळी गल्ली ओट्यावर जमली. आजवर सगळ्यांनी अक्काला सिनेमा सांगितला होता, आता ऐकायची पाळी त्यांची होती. "सांग की अक्का, कसा व्हता? शेवटाला काय झालं?"

अक्का विचारात पडली. "शेवटाला?" तिने माझ्याकडे पाहिलं. "शेवटाला काय झालं रं? कुणाचं तरी लगीन लागलं वाटतं."

"आगं, मग बघितलंस काय?"

तिने मशीनमध्ये कापड घातलं, चाकावर हात ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"हितं बघा," ती म्हणाली. "सुईकडं न्हाय, कापडाकडं बघा."